मालक नसलेल्या वाघाची जबाबदारी

गडचिरोली जिल्ह्यात हत्ती दोन प्रकारचे आहेत. अहेरी तालुक्यात कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. तिथल्या हत्तींना नावे आहेत, त्यांच्यामागे माहूत आहेत, त्यांच्या खुराकाचा खर्च सरकारी हिशेबात धरला जातो. दुसरे हत्ती २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून सीमा ओलांडून आले आणि जिल्ह्याच्या उत्तर भागात, कोरची-कुरखेड्याच्या बाजूला, धानाच्या बांध्या तुडवत फिरू लागले. या दोन्हींतल्या एकेका हत्तीने एकेका माणसाचा जीव घेतला, असे घटकाभर धरून चालू. प्राण्याची जात एक, जिल्हा एक, बंदोबस्ताला धावणारे खातेही एकच. तरी दोन्ही घरची माणसे भरपाईचा दावा घेऊन कोर्टात गेली, तर पहिल्या घराचा दावा सोपा आणि दुसऱ्याचा महाकठीण. कमलापूरच्या हत्तीला पाळणारा आहे, आणि पाळलेल्या रानटी जातीच्या जनावराने केलेल्या इजेचा भार पाळणाऱ्यावर, मग त्याची चूक असो वा नसो, हा इंग्लंडमधून आलेला जुना नियम आहे. १९५७ मध्ये तिथल्या न्यायालयापुढे बर्ट्रम मिल्स सर्कशीतल्या एका ब्रह्मी हत्तिणीचे प्रकरण आले. हत्तीण शिकवलेली, स्वभावाने गरीब. एक लहानसे कुत्रे अंगावर धावून गेल्याने ती बिथरली, एक खोपटे कोसळले आणि आतली बाई जखमी झाली. हत्तीण गरीब होती हे न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी मान्य केले आणि तरीही सर्कशीला पैसे भरायला लावले. त्याच निकालपत्रात त्यांनी वाघाचाही दाखला दिला आहे: मध्यरात्री जाग आलेल्या माणसाला आपल्या पलंगावर सुटून आलेला वाघ दिसला आणि धसक्याने त्याच्या हृदयावर घाला पडला, तर वाघाच्या मनात काही वाईट नव्हते या बचावाला काडीचाही अर्थ नाही.

कोरचीच्या हत्तीला मात्र पाळणारा नाही, आणि ताडोबाच्या वाघालाही नाही. आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो की वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३९ वे कलम पाहिले तर तसे दिसत नाही. शिकार झालेला, मेलेला सापडलेला, पिंजऱ्यात ठेवलेला प्राणी सरकारचा, त्याचे कातडे आणि नखेही सरकारची. पण रानात मोकळा हिंडणारा जिवंत वाघ त्या यादीत बसत नाही. म्हणजे वाघ मेला की सरकारजमा होतो आणि जिवंत असतो तोवर कुणाचाच नसतो. वाघाने मारलेल्या माणसाच्या घरच्यांना सरकारने पैसे दिले तरी ते देणे म्हणून नव्हे, मदत म्हणून, या भूमिकेचा कायदेशीर आधार हाच. या प्रकरणात मला मांडायचे आहे ते याच्या उलट. मालकी हे दायित्व ठरवण्याचे सर्वांत जुने साधन आहे, पण एकमेव नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तर ते सर्वांत निरुपयोगी आहे. धोका कुणाच्या ताब्यात आहे, तो राखण्याचा लाभ कुणाला मिळतो आणि तो सोसतो कोण, हे तीन प्रश्न विचारले की वाघाच्या हल्ल्याचे पैसे हे राज्याचे देणे ठरते.

आधी अपकृत्य म्हणजे काय ते थोडक्यात. करार मोडल्याने होते ती हानी वेगळी, गुन्ह्याबद्दल होते ती शिक्षा वेगळी. या दोन्हींच्या बाहेर, एकाच्या वागण्याने दुसऱ्याचे जे नुकसान होते ते पैशांत भरून मागण्याचा हक्क देणारा कायदा म्हणजे अपकृत्याचा कायदा. भारतात तो कुठल्याही एका पुस्तकात लिहिलेला नाही. दंड संहिता १८६० ची, करार कायदा १८७२ चा. त्यांच्या पंगतीला बसवण्यासाठी सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता. तो मसुदाच राहिला. त्यामुळे इथले न्यायाधीश 'न्याय, समता आणि सदसद्विवेक' या सूत्राने चालत आले, आणि १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याचा अर्थ इंग्लंडचे नियम, पण हिंदुस्थानच्या परिस्थितीला लागू पडतील तेवढेच, असा लावला. ही 'लागू पडतील तेवढेच' ची अट महत्त्वाची आहे. लंडनच्या सर्कशीसाठी घडलेला नियम सिंदेवाहीच्या जंगलात जसाच्या तसा चालवण्याचे बंधन आपल्या न्यायालयांवर कधीच नव्हते.

प्रत्येक नुकसान हे अपकृत्य नसते, ही या कायद्याची पहिली पायरी. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी १४१० मध्ये शाळेच्या शेजारी दुसऱ्या पंतोजीने शाळा काढली, पहिल्याला फी कमी करावी लागली, आणि त्याचा दावा फेटाळला गेला: तोटा झाला, पण त्याचा कुठलाही कायदेशीर हक्क मोडला नव्हता. वनविभागाची बाजू मुळात याच जातीची आहे. तोटा खरा, दुःख खरे, पण वाघाने केले ते आम्ही केले नाही, मग आमच्याकडून हक्क कुठला मोडला? याचे उत्तर शोधताना हक्कापेक्षा ताब्याकडे पाहावे लागते. वाघ कुणाचाच नसेल, पण त्याला हात लावण्याचा अधिकार मात्र एकाच ठिकाणी आहे. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमानुसार माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडण्याची, बेशुद्ध करण्याची किंवा मारण्याची लेखी परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. गावकऱ्याला मोकळीक एवढीच की ऐन हल्ल्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा नाही. वाघ गावाच्या शिवारात रोज दिसतो म्हणून आधीच काही करावे, तर ते तुरुंगाचे काम. ही बंदी योग्यच आहे. तिच्याशिवाय २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले नसते. प्रश्न बंदीचा नाही. धोक्यापासून स्वतःचा बचाव करण्याचे साधन कायद्याने एकाकडून काढून घेतले आणि दुसऱ्याच्या हाती एकवटले, तर त्या दुसऱ्यावर काय येते, हा प्रश्न आहे.

अपकृत्य कायद्याने याला दोनदा उत्तर दिले आहे आणि दोन्ही वेळा ते पाण्या-वायूच्या निमित्ताने. लँकेशायरमधल्या रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने जलाशय बांधला, त्याचे पाणी खालच्या जुन्या बंद खाणविवरांतून वाहून शेजारच्या फ्लेचरच्या कोळसाखाणीत शिरले. खाणीत पाणी शिरणे म्हणजे काय, हे चंद्रपूरच्या वाचकाला सांगायला नको. रायलंड्सची स्वतःची हयगय नव्हती. काम ठेकेदाराने केले होते. तरी १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जबाबदार धरले: निसटली तर घात करील अशी वस्तू आपल्या जागेत आणून साठवली, तर ती आपल्या जोखमीवर. याला कठोर दायित्व म्हणतात, पण त्यात पळवाटाही होत्या: दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचे कृत्य, कायद्याने दिलेली परवानगी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पळवाटा बुजवल्या. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ४ डिसेंबर १९८५ ला ओलियम वायू सुटला, भोपाळला जेमतेम वर्ष झाले होते, आणि २० डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने म्हटले की धोकादायक उद्योग करून नफा मिळवणाऱ्याने त्यातून झालेल्या हानीचा भार कुठलाही अपवाद न सांगता उचलला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी नियम आम्हाला बांधील नाही, हेही त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. दोन्ही निकालांच्या मुळाशी चूक शोधण्याची खटपट नाही. धोका ज्याने आपल्या हितासाठी राखला, त्याच्याच खात्यावर त्याचा खर्च, एवढाच व्यवहार आहे.

इथे अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रायलंड्सने पाणी आणून साठवले होते. श्रीराम कारखान्याने वायू तयार केला होता. चंद्रपूरच्या जंगलात वाघ सरकारने आणलेला नाही. तो मुळचाच आहे. ताडोबाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान करण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. निसर्गाने ठेवलेल्या धोक्याबद्दल जमिनीच्या धन्याला जबाबदार धरता येत नाही, असे इंग्रजी न्यायालये खूप काळ म्हणतही होती. ही भूमिका सुटली ती एका झाडामुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी १९६१ मध्ये एका उंच झाडावर वीज पडून ते पेटले. जमिनीच्या मालकाने झाड पाडले, पण पाणी ओतून विझवण्याऐवजी आपोआप जळून जाईल म्हणून सोडून दिले. दोन-तीन दिवसांनी वारा सुटला आणि शेजाऱ्यांची राने जळाली. १९६६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की आग त्याने लावली नव्हती हे खरे, पण ती आहे हे त्याला ठाऊक होते, पसरेल हे दिसत होते आणि थोड्या कष्टात ती विझवता येत होती. एवढ्यावर दायित्व ठरले. शिवाय न्यायालयाने हेही जोडले की कर्तव्य किती, ते त्या माणसाच्या ऐपतीवर ठरेल. एकट्या म्हाताऱ्याकडून जेवढी अपेक्षा करायची तेवढीच धनाढ्याकडून करून चालणार नाही. ऐपतीचा हा निकष राज्यसंस्थेला लावला तर तिची बाजू हलकी होत नाही, जड होते.

आणि वाघ मुळचाच असतो हेही आता सरसकट खरे राहिलेले नाही. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या वाघिणी उचलून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ताडोबाची झीनत नावाची वाघीण ओडिशातल्या सिमिलिपालला नेली. तिथून ती झारखंडात गेली, मग पश्चिम बंगालमध्ये शिरली आणि शेवटी २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात बेशुद्ध करून पकडली गेली. तिने शेळ्या मारल्या, माणूस मारला नाही, हे सर्वांचेच नशीब. मारला असता, तर मानवी निर्णयाने पकडलेल्या, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेल्या, ठरवून दुसऱ्या राज्यात सोडलेल्या त्या वाघिणीला रानचा वारा म्हणून सोडून देणे कुठल्या न्यायाधीशाला जमले असते? ती रायलंड्सच्या पाण्याच्या फार जवळ आहे. ताडोबात जन्मलेला आणि स्वतःच्या पायाने सावली तालुक्याच्या शिवारात पोचलेला वाघ ऑस्ट्रेलियातल्या झाडाच्या जवळ आहे. दोघांना एकच नियम लावण्याची गरज नाही. पहिल्यात दायित्व चुकीशिवाय असावे, दुसऱ्यात काळजीच्या मोजमापाने, आणि दोन्हींच्या खाली एक ठरावीक रक्कम कुठलाही प्रश्न न विचारता मिळावी.

काळजीचे मोजमाप कसे करायचे, हे दोन वाघांच्या उदाहरणावरून दिसेल. राजुरा तालुक्यात आरटी-१ म्हणून ओळखला गेलेला वाघ २०२० च्या ऑक्टोबरात पिंजऱ्यात आला. तोवर आठ माणसे गेली होती. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून तेरा बळी घेतल्याचे ज्याच्या नावावर आहे तो सीटी-१ हा वाघ २०२२ च्या ऑक्टोबरात वडसाच्या जंगलात पकडला गेला. यातला पहिला मृत्यू कुणाच्या हयगयीने झाला असे म्हणणे अन्याय होईल. जंगलात वाघ असतो, कधी गाठ पडते. पण तिसऱ्या, चौथ्या मृत्यूनंतर प्राणी ओळखला गेला, त्याच्या फिरण्याचा पट्टा कळला, कॅमेऱ्यात पट्टे जुळले. तिथून पुढे धोका अपेक्षित ठरतो आणि अपेक्षित धोका म्हटला की काळजी घेण्याचे कर्तव्य सुरू होते. पुढच्या प्रत्येक मृत्यूच्या वेळी विचारायचे प्रश्न साधे आहेत: परवानगीचा आदेश किती दिवसांत निघाला, बेशुद्ध करणारे पथक किती लवकर आले, त्या कक्षात सरपणाला जाणाऱ्यांना कुणी अडवले, गावात दवंडी दिली का, प्राथमिक बचाव दलाची पोरे कुठे होती. उत्तरे वनविभागाच्या बाजूनेही येऊ शकतात, कारण घाईने भलताच वाघ पकडला जाण्याचा धोका खरा आहे आणि पावसाळ्यात दाट जंगलात डार्ट मारणे हे कागदावर वाटते तितके सोपे नसते. वनरक्षकही या जंगलात पायीच फिरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या गाभा क्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी खुणा शोधत चाललेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. पण हे प्रश्न विचारायला जागाच नसणे ही वेगळी गोष्ट आहे. आज मृत्यूनंतर होतो तो पंचनामा माणूस वाघानेच मारला का एवढेच ठरवतो. तो टाळता आला असता का, हे कुठेच नोंदले जात नाही.

वाघ रानातच भेटतो असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या आवारात कामावरून परतणाऱ्या कामगाराला वाघाने उचलले; पाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. विस्तीर्ण आवार, वाढलेली झुडपे, रात्रपाळी, रस्त्यावरचे दिवे: हा प्रांत वन्यजीव कायद्यापेक्षा आवाराच्या ताबेदाराच्या कर्तव्याचा आहे. ज्याच्या आवारात माणसे कामाला बोलावली जातात त्याने तिथला ठाऊक असलेला धोका वाजवी प्रमाणात कमी केला पाहिजे, हा नियम निसरड्या फरशीला लागतो तसा झुडपात दडणाऱ्या जनावरालाही लागतो. अशा वेळी एकाहून अधिक जबाबदार असू शकतात आणि भार वाटून देता येतो. 'वाघाने मारले, वनविभाग बघून घेईल' या सवयीने ही दुसरी दारे कुणी ठोठावतच नाही.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हा, की ती माणसे तिथे गेलीच कशाला. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल गावच्या तीन स्त्रिया तेंदूपत्ता तोडायला गेल्या असताना एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात वाघ आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? जाणूनबुजून पत्करलेल्या धोक्याबद्दल तक्रार नाही, हा बचाव अपकृत्य कायद्यात आहेच. पण त्याची सीमा १८९१ मध्येच आखली गेली. दगड फोडणाऱ्या एका मजुराच्या डोक्यावरून याऱ्या दगड नेत असत. त्याला ते माहीत होते, तो तरी कामावर येत राहिला, दगड पडला. स्मिथ विरुद्ध बेकर या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की धोका माहीत असणे म्हणजे तो मान्य असणे नव्हे. पोटासाठी कामावर येणारा माणूस दगड खाण्याला संमती देत नसतो. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्याच आठवड्यांचा. भल्या पहाटे जंगलात शिरायचे, पाने खुडायची, घरी येऊन पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे, या पैशावर पावसाळ्याचे बियाणे आणि पोरांच्या वह्या येतात. त्याआधी मोहफुले. हे शौक म्हणून जंगलात गेलेल्या माणसाचे चित्र नाही. शिवाय तो हक्क आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू, बांबू, मोह यांसारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला, आणि सामूहिक वनहक्काची पहिली मोठी मान्यता गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळाली. आपल्याच हक्काच्या रानात पान तोडणाऱ्या बाईला घुसखोर ठरवता येत नाही.

गाभा क्षेत्राचे तेवढे वेगळे आहे. तिथे प्रवेशावर बंदी आहे आणि बंदी मोडून आत गेलेल्या माणसाची बाजू खरोखर कमजोर आहे. पण तिथेही कायद्याजवळ 'सगळे किंवा काहीच नाही' यापेक्षा बारीक साधन आहे. जखमी झालेल्याचाही दोष असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, शून्य होत नाही. मोटार अपघातांच्या न्यायाधिकरणांत हे रोज घडते.

मोटार अपघातांकडे या विषयात वारंवार पाहावेसे वाटते, कारण पैशाच्या बाबतीत आपण तिथे बरेच पुढे गेलो आहोत. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी १५ लाख रुपये मिळत, २०२२ मध्ये ते २० लाख झाले, आता २५ लाख आहेत; त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत जातो. आधी शासन निर्णयांनी आणि २०२३ पासून अधिनियमाने हे चालते, म्हणजे कृपेकडून कायद्याकडे एक पाऊल पडलेच आहे. रक्कम तुटपुंजी आहे असे मी म्हणणार नाही. हिशेबच करून पाहू. तीस वर्षांची, महिन्याला १२,००० रुपये मिळवणारी व्यक्ती गेली असे धरू. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात घालून दिलेल्या रीतीने वार्षिक १,४४,००० मध्ये भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा आणि या वयासाठी ठरलेल्या १७ ने गुणायचे. येतात २५,७०,४००. म्हणजे मृत्यूच्या बाबतीत ठोक रक्कम आणि मोजून काढलेली रक्कम जवळजवळ जुळतात. घर सांभाळणाऱ्या बाईची कमाई काय धरायची हा पेचही सुटला आहे: जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या श्रमाची किंमत न्यायालयाने २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात महिन्याला ३,००० रुपये धरली होती, आणि पुढे ही दृष्टी अधिक उदार होत गेली.

खरा अन्याय मृत्यूच्या रकमेत नाही, जगलेल्यांच्या रकमेत आहे. वर धरलेल्याच व्यक्तीचे हात-पाय कायमचे निकामी झाले आणि ती जगली, तर मोजून काढताना स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही, कारण खाणारे तोंड आता आहे; आकडा ३४,२७,२०० वर जातो, आणि औषधपाणी, चोवीस तास लागणारे माणूस यांचा खर्च त्यावर वेगळा. सरकारी तक्त्यात मात्र कायमच्या अपंगत्वाची रक्कम मृत्यूच्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. मदत म्हणून पाहिले तर हे समजण्यासारखे आहे, कारण मदतीचे मोजमाप धक्क्याच्या तीव्रतेवर होते आणि मृत्यूचा धक्का मोठा. देणे म्हणून पाहिले तर उत्तर उलटे येते. अस्वलाने चेहरा फाडलेला, रानडुकराने मांडी चिरलेला गुराखी या तक्त्यात कुठे बसतो आणि पुढची तीस वर्षे त्याला कोण पोसतो, यात दोन्ही दृष्टींतला फरक रुपयांत दिसतो.

ठोक रकमेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, निदान ती लवकर मिळते. दायित्वाच्या नादी लागाल तर वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. हा आक्षेप वजनदार आहे. पण दोन मार्ग एकत्र चालू शकतात हेही मोटार कायद्यानेच दाखवले आहे. १९८२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अपघाती मृत्यूसाठी चूक न विचारता सुरुवातीला १५,००० रुपये ठरले; चूक सिद्ध झाली तर पूर्ण भरपाई वेगळी, आधी दिलेले त्यातून वजा. सुरजागडचे खनिज वाहणाऱ्या ट्रकखाली आल्लापल्ली-आष्टी रस्त्यावर कुणी सापडले तर त्याच्या घरच्यांना न्यायाधिकरणात जाता येते, तिथे वय आणि कमाई मोजली जाते. रस्त्यापासून शंभर पावलांवर वाघाने ओढून नेलेल्याच्या घरच्यांना असे न्यायाधिकरण नाही. त्यांच्यासाठी उरते उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ किंवा १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा, जो पती-पत्नी, आई-वडील आणि मुलांना दिवाणी दाव्याचा हक्क देतो, तोही मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. सार्वभौम सत्तेवर दावा चालत नाही, हा जुना बचावही एव्हाना बराच झिजला आहे: १९६५ च्या कस्तुरीलाल निकालाने त्याला बळ दिले होते खरे, पण १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालानंतर जगण्याच्या हक्काचा भंग झाल्यास राज्याला भरपाई द्यावीच लागते. म्हणजे ठोक रक्कम ही कमाल न मानता किमान मानायची आणि तिच्यावरच्या मागणीसाठी जिल्ह्यातच जागा करायची. यासाठी नवा सिद्धांत शोधावा लागत नाही.

शेवटचा आक्षेप वाघाच्या बाजूने येतो. दायित्व मानले की प्रत्येक वाघ खात्याच्या दृष्टीने खर्चाची बाब होईल, अधिकारी भीतीपोटी दिसेल तो वाघ पिंजऱ्यात घालतील. भीती अगदीच खोटी नाही. पण खर्च आजही आहे; तो फक्त हिशेबात दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो दुसऱ्या वाटेने वसूल होतो. ती वाट म्हणजे धुऱ्यावर सोडलेली जिवंत तार. रानडुकरे आणि रोही यांनी हातचे पीक नेले, पंचनाम्याला कुणी आले नाही, आले तर रक्कम परवडली नाही, की काही शेतकरी रात्री विजेच्या खांबावर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत प्रवाह सोडतात. त्यात डुक्कर मरते, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. तार लावणाऱ्याचा गुन्हा आणि अपकृत्य दोन्ही उघड आहेत. त्याच्याकडून वसूल करण्यासारखे काही नसते हेही उघड. मग वीज कंपनी? तिचे उत्तर ठरलेले, की चोरी तिऱ्हाइताने केली. हेच उत्तर मध्य प्रदेश वीज मंडळाने जबलपूरच्या एका प्रकरणात दिले होते. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेने सायकलवरून घरी निघालेला कामगार गेला, मंडळ म्हणाले कुणीतरी वीज चोरण्यासाठी ती तार ओढली होती. २००२ च्या शैलकुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही: इतकी घातक वस्तू वाहून नेणाऱ्याने ती निसटू न देण्याची जोखीम घेतलेलीच असते. शिवारातली तार त्याहून वेगळी आहे, ती तुटलेली नसते, मुद्दाम जोडलेली असते, आणि एवढ्या फरकावर कंपनी सुटावी की नाही यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. माझ्या मते ज्या वाहिनीवर वर्षानुवर्षे आकडे पडतात आणि गळती मीटरवर दिसते, तिथे चोरी अनपेक्षित राहत नाही. डुक्कर पोसणारे जंगल राज्याचे, पिकाची भरपाई अडकली ती राज्याच्या कचेरीत, वीज राज्याच्या कंपनीची, आणि खटला मात्र एकट्या तार लावणाऱ्यावर चालतो.